मुक्तांबेचं छत्र आणि सरफोजीराजांचे पक्षी

बदलीचा हुकूम हातात पडला तेव्हा मी ईशान्येकडच्या थंडीत होतो. हुकूमात गाव लिहिलं होतं तंजावर. आमच्या क्लार्कने कागद देताना एवढंच सांगितलं, "उस्ताद, कानटोपी इथंच सोडून जा." एनसीसीच्या युनिटवर पी. आय. स्टाफ म्हणून दोन वर्षं. फौजेत याला आरामाची पोस्टिंग समजतात. ड्रिल शिकवायची, कॅम्प लावायचे, कॅडेट पोरांना रायफल खोलून जोडून दाखवायची. मोर्टार प्लाटूनमधल्या नोकरीने माझा डावा कान अर्धा निकामी केला होता, त्यामुळे मला अशी जागा मिळाली ते बरंच झालं.

२०१७ च्या हिवाळ्यात आमचा दहा दिवसांचा कॅम्प ओरत्तनाडुला लागला. तंजावरहून पट्टुक्कोट्टैच्या रस्त्याने आग्नेयेला साधारण तेवीस-चोवीस किलोमीटरवर हे तालुक्याचं गाव आहे. भाताची खाचरं, नारळाच्या बागा आणि एसटी स्टँडसारखा एक गजबजलेला स्टँड. पहिल्या सकाळी पीटीच्या आधी मी मैदानाच्या कडेला उभा होतो. शेजारच्या चिखलणी केलेल्या शेतात दहा-बारा करकोचे उभे होते, मळकट पांढरे, पंखाची कड काळी. चोच मिटली तरी मधे फट राहत होती. अडकित्त्यात सुपारी धरावी तसा एकाने गोगलगायीचा शंख धरला आणि मान झटकून आतलं मांस काढून गिळलं.

शेजारी उभी असलेली एक कॅडेट मुलगी म्हणाली, "सार, नत्तैकुत्ति नारै." नत्तै म्हणजे गोगलगाय, कुत्ति म्हणजे टोचणारा, नारै म्हणजे करकोचा. गोगलगाय टोचणारा करकोचा! आपल्याकडे पुस्तकात याला मुग्धबलाक म्हणतात. नाव देखणं आहे, पण चिपळूणजवळच्या माझ्या गावात कोणाला ते सांगितलं तर पक्षी डोळ्यांपुढे येणार नाही. त्या मुलीने दोन शब्दांत पक्षी काय खातो आणि कसा खातो ते सांगितलं. त्या दिवसापासून मी खिशातल्या वहीत दोन रकाने पाडले, एक मराठी नावांचा आणि एक तमिळ.

त्याच कॅम्पमध्ये रविवारी दुपारी दोन तास मोकळे मिळाले आणि मी गावातलं छत्र बघायला गेलो. तिथली सगळी माणसं त्याला सत्तिरम म्हणतात. आपल्याकडे अन्नछत्र, तिकडे सत्तिरम किंवा छत्रम. वाटसरूंनी उतरावं, जेवावं, आजारी पडले तर बरं होऊन पुढे जावं यासाठी बांधलेली मोठी वास्तू. तंजावरहून रामेश्वरला जाणारी यात्रेची वाट या भागातून जाई आणि तंजावरच्या भोसल्यांनी या वाटेवर अशी बरीच छत्रं उभी केली. ओरत्तनाडुचं हे मुक्तांबाळ छत्र. दुसरे सरफोजी यांनी १८०० ते १८०२ या काळात ते बांधवलं. मुक्तांबा ही त्यांची अतिशय आवडती, पण लग्नाची नव्हे. ती तरुणपणीच वारली आणि माझ्या नावाने छत्र बांधा, असं मरताना तिने राजाला सांगितलं, अशी हकीगत तिथे सांगतात. गावालाही मुक्तांबाळपुरम असं नाव पडलं होतं.

मी पाहिलं तेव्हा बराचसा भाग पडायला आला होता. भिंतीतून पिंपळ उगवलेला, कौलं सरकलेली, आतल्या चौकात गवत. पण प्रमाण बघा! आमची अख्खी कंपनी सामानासकट तिथे आरामात उतरली असती. वळचणीत साळुंक्या आणि पोपटांची ये-जा चालली होती आणि एका पडक्या भिंतीवर मोर बसला होता. त्या बाजूला मोर इतके आहेत की भाताचा शेतकरी त्यांच्या नावाने बोटं मोडतो.

तिथे एक म्हातारे गृहस्थ भेटले. सायकल भिंतीला टेकवून सावलीत बसले होते. मी माझ्या सोबतच्या जवानाशी मराठीत बोलतोय हे ऐकून ते उठून आले आणि मराठीतच विचारलं, गाव कुठलं? त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, हेल तमिळचा. घरात अजून मराठी बोलतात, लिहितात मात्र तमिळ लिपीत. मी त्यांना काका म्हणू लागलो. त्यांनीच मला पुढच्या दोन वर्षांत सरस्वती महालापासून कोडियक्करैपर्यंत काय काय बघायचं ते सांगितलं. आज जे लिहितोय त्यातला निम्मा धडा त्यांचा आहे.

थोडा इतिहास सांगतो, कारण आपल्या शाळेत तंजावरचं राज्य दोन ओळींत संपतं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतलं आणि तिथे १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी राहिली. यातले दुसरे सरफोजी, जन्म १७७७. तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतलं, पण १७८७ मध्ये तुळजाराजे वारल्यावर गादी दुसऱ्याने बळकावली. मुलाचा सांभाळ आणि शिक्षण श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली झालं. १७९८ मध्ये इंग्रजांच्या पाठिंब्याने सरफोजी गादीवर बसले आणि १७९९ च्या ऑक्टोबरात कंपनीने त्यांच्याकडून तह लिहून घेतला. राज्यकारभार कंपनीचा. राजाला तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख स्टार पॅगोडा तनखा आणि वसुलाचा पाचवा हिस्सा.

बावीस वर्षांचा भोसला आणि हाताखाली लढायला फौज नाही. फौजेतल्या माणसाने इथे जरा थांबून विचार करावा. आपण चाळिशीत हत्यार जमा करून घरी येतो आणि गावातल्या पारावर पहिले सहा महिने काय करायचं हे कळत नाही. या माणसाने बाविसाव्या वर्षी हत्यार जमा केलं आणि पुढे तेहेतीस वर्षं तो राजा म्हणवला गेला.

त्याने काय केलं, तर पहिली लढाई कागदावर लढला. तहानंतर कंपनीला छत्रंसुद्धा ताब्यात हवी होती, कारण छत्रांना जमिनी लावून दिलेल्या होत्या आणि जमीन म्हणजे वसूल. १८०१ मध्ये सरफोजींनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला पत्र लिहून छत्रांमध्ये काय चालतं ते सविस्तर मांडलं. ब्राह्मणापासून परयापर्यंत कुठल्याही जातीचा वाटसरू आला तरी त्याला अन्न. जो शिजवलेलं घेत नाही त्याला शिधा. मध्यरात्रीपर्यंत वाढप चालू, मग घंटा वाजवून कोणी उपाशी राहिलंय का ते विचारायचं. आजारी वाटसरूला वैद्य, आणि सापाच्या विषावर उतारा देणारा वेगळा. तान्ह्या मुलांना दूध, बाळंतिणीची सोय, अनाथ मुलांना शिक्षक. वाटेत कोणी मेला तर ज्याच्या त्याच्या रीतीप्रमाणे क्रिया. हे सगळं माझ्याकडे राहू द्या, एवढीच विनंती. छत्रं राहिली.

मी लंगर कमांडरची ड्यूटी केलेली आहे. रात्री उशिरा गस्तीवरून आलेल्या जवानासाठी भांड्यात काही उरलंय की नाही, यावरून लंगरची लायकी कळते. मध्यरात्रीच्या त्या घंटेबद्दल वाचलं तेव्हा या राजाबद्दलचं माझं मत पक्कं झालं.

आता पक्ष्यांकडे येतो. सरफोजींनी पैसा आणि वेळ घातला तो पुस्तकांत, वैद्यकात आणि निसर्गशास्त्रात. सरस्वती महाल ग्रंथालय आधीपासून होतं, पण त्याला आजचं रूप त्यांनी दिलं. धन्वंतरी महालात औषधं तयार होत, राजा नेत्ररोग्यांच्या उपचारात स्वतः लक्ष घाली आणि रोग्यांच्या डोळ्यांची चित्रं नोंदींसह काढून ठेवी. त्या नोंदी आजही ग्रंथालयात आहेत. १८०५ च्या सुमारास त्यांनी देवनागरी छापखाना काढला आणि तिथून १८०६ मध्ये 'बालबोध मुक्तावली' निघाली, म्हणजे इसापच्या गोष्टी मराठीत. महाराष्ट्रात मराठी पुस्तकं छापली जाऊ लागली त्याच्या कितीतरी आधी कावेरीच्या काठी हे चाललं होतं. इसाप म्हटलं की कावळा, करकोचा, मोर आलेच. तंजावरच्या मुलांना तर करकोचा शोधायला लांब जायची गरज नव्हती.

जवळच त्रांकेबारला डॅनिश लोकांची वखार होती. तिथले पाद्री जॉन हे शंखशिंपले, मासे, वनस्पती गोळा करून युरोपातल्या विद्वानांना पाठवत. माशांच्या एका प्रजातीचं शास्त्रीय नाव त्यांच्यावरून पडलेलं आहे. समुद्रकिनाऱ्यावर हे नवं शास्त्र असं घरापर्यंत आलेलं होतं. टोरिन विलायतेला परतल्यावर त्याच्यामार्फत पुस्तकं आणि उपकरणं मागवली जात. आणि दरबारातले चित्रकार, ज्यांच्या घराण्यात देवदेवतांची सोन्याची चित्रं काढायची विद्या होती, ते आता समोर ठेवलेला पक्षी किंवा झाडाची फांदी आहे तशी रंगवू लागले. तंजावरच्या चित्रकारांच्या अशा निसर्गचित्रांचे संच आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. देवाच्या चित्रात डोळे मोठे काढले की भागतं. पक्ष्याच्या चित्रात बोटं किती, चोच किती वाकडी, कुठलं पीस कुठे संपतं हे चुकवून चालत नाही. हा फरक त्या चित्रकारांनी एका पिढीत ओलांडला, ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

१८२६ च्या मार्चअखेर कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरला आले, तेव्हा राजाच्या तोंडी लिनियस आणि बुफॉन ऐकून चकित झाले. तसं त्यांनी लिहून ठेवलंय. बुफॉनने नुसत्या पक्ष्यांवर नऊ खंड लिहिले होते, १७७० ते १७८३ या काळात. हेबर यांनी त्याच दमात आणखी एक लिहिलंय, की हा राजा घोड्याचा उत्तम पारखी आहे आणि वाघावर त्याचा नेम चुकत नाही. तेव्हा आजच्या अर्थाने पक्षिमित्र वगैरे कोणी समजू नका. त्या काळात पक्षी ओळखायचा म्हणजे आधी मारायचा, मग टेबलावर ठेवून मोजायचा हाच रिवाज होता. दूरबीन लावून तासभर चिखलात बसणं ही पुढच्या काळातली गोष्ट.

सरफोजी गेले १८३२ मध्ये. त्याच वर्षी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे दख्खनच्या पक्ष्यांची पहिली मोठी यादी आली. ती करणारा कर्नल साइक्स. हा तोच साइक्स, जो १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या फौजेविरुद्ध लढला होता. साइक्सचा चंडोल अजून आपल्या माळरानांवर गातो. मराठ्यांचा मुलूख जिंकणाऱ्याने त्यातले पक्षी मोजले आणि मुलूख गमावलेल्या मराठा राजाने आपल्या उरलेल्या मुलखातले पक्षी रंगवून घेतले. दोन्ही कामं एकाच पंधरा-वीस वर्षांतली. साइक्सचं नाव पक्ष्यांना लागलं. तंजावरच्या बहुतेक चित्रकारांचं नावसुद्धा मागे राहिलं नाही. याचं मला वाईट वाटतं आणि ते मी लपवत नाही.

एक गोष्ट मात्र काकांनी सांगितली तेव्हा मी हसलो. सरफोजींच्या नावावर 'देवेंद्र कुरवंजी' नावाचं मराठी नाटक आहे. त्यात कुरवंजी, म्हणजे कुरव जातीची भविष्य सांगणारी भटकी बाई, गाण्यांतून जगाचा भूगोल सांगते. तमिळमध्ये कुरवंजी हा नाटकाचा जुना प्रकार, आणि त्यातला कुरवंजीचा नवरा असतो पारधी, फासे लावून पक्षी धरणारा. काका म्हणाले, "राजाने पारध्याच्या बायकोला भूगोलाची मास्तरीण केली." जो खरोखर रानात फिरतो त्यालाच मुलूख ठाऊक असतो, हे राजाला कळलं होतं की नाही कोण जाणे. पण मी जे पक्षी पाहिले ते पुस्तकवाल्यांपेक्षा मेंढरं राखणाऱ्यांनी आणि बदकं चारणाऱ्यांनी जास्त दाखवले.

ओरत्तनाडुहून ईशान्येला पंधरा-वीस किलोमीटरवर वडुवूरचं तळं आहे. तंजावर-मन्नारगुडी रस्त्याला लागूनच. १९९९ मध्ये ते पक्षी अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेलं. मूळचं ते सिंचनाचं तळं. कावेरीचं पाणी पोचलं आणि ईशान्य मोसमी पाऊस लागला की भरतं आणि उन्हाळ्यात उतरतं. तिकडचा पावसाळा आपल्या उलट, ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणून जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पहाटे. मेट्टूर धरण आणि कल्लणै कालवा १९३४ मध्ये पुरे झाले आणि ओरत्तनाडु-पट्टुक्कोट्टै पट्ट्यातली कोरडवाहू जमीन भाताखाली आली. करकोचे आणि बगळे भाताच्या मागे येतात, त्यामुळे सरफोजींच्या काळापेक्षा या एका पट्ट्यात आज पाणपक्ष्यांना उलट जास्त चारा असेल, असा माझा अंदाज आहे. सगळं पूर्वीच चांगलं होतं असं समजायचं कारण नाही.

वडुवूरला माझी वही भरली. ठिपकेवाल्या चोचीचा झोळीवाला, तमिळमध्ये कूळैक्कडा. चोचीखाली झोळी धरून पाण्यावरून असा उतरतो की वाटावं मालवाहू विमान आलं. सर्पपक्षी, ज्याला आपण तिरंदाजही म्हणतो, तिकडे पांबुत्तारा म्हणजे सापबदक. नुसती मान पाण्याबाहेर ठेवून पोहताना बघितलं की नावावर वाद घालायची गरज उरत नाही. चमचा म्हणजे करंडिवायन, पळीसारख्या तोंडाचा. पाणकावळा तिकडेही नीरकागम, पाणकावळाच. रंगीत करकोचे, कुदळ्या, तलवार बदकं, जांभळ्या पाणकोंबड्या. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी बदकं तळ्याच्या मधोमध दाटीने बसतात आणि एक पाणघार वरून गेली की सगळं तळं एकदम उठतं. मारुती चितमपल्ली यांनी मराठीत पक्ष्यांची नावं जमवली, 'पक्षिकोश' लिहिला, हंसदेवाचं 'मृगपक्षिशास्त्र' मराठीत आणलं. त्या सोलापूरच्या माणसाच्या घरची भाषा तेलुगू होती. दोन भाषांच्या शिवेवर राहिलं की नावांकडे लक्ष जातं, हे मला वडुवूरला समजलं.

मग २०१८ चा नोव्हेंबर. १५ च्या रात्री आम्ही युनिटमध्ये होतो. १६ ला पहाटे गजा चक्रीवादळ वेदारण्यमजवळ जमिनीवर आलं आणि ओरत्तनाडु, पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी या पट्ट्यावरून गेलं. आम्ही कॅडेट घेऊन रस्ते मोकळे करायला निघालो तेव्हा उजाडलं होतं. ज्या नारळाच्या बागांमधून मी वर्षभर मोटरसायकलने जात होतो तिथे आता आडवे खोड आणि मोकळं आभाळ. माड मुळासकट उपटून एकाच दिशेला पडलेले, जणू कोणी 'विश्राम' म्हटल्यावर सगळी प्लाटून कोसळली. या तीन-चार तालुक्यांत लाखोंनी माड गेले. उंच जातीचा माड फळाला यायला सहा-सात वर्षं लागतात, म्हणजे घरातल्या मुलीचं लग्न आणि मुलाचं कॉलेज त्या एका रात्रीत आडवं झालं. कोकणातल्या वाचकाला हे अधिक सांगायला नको. दोनच वर्षांनी निसर्ग वादळाने आमच्याकडे तेच केलं.

झाडांखाली पक्षी पडलेले होते. कावळे, साळुंक्या, पोपट, वटवाघळं. पहिल्या दिवशी आम्ही ते बघितले आणि पुढे गेलो, कारण खांबाखाली माणसं आणि गुरं अडकली होती. दुसऱ्या दिवशी गोगलगायवाला करकोचा दाखवणारी तीच कॅडेट मुलगी एका शेताच्या बांधावर कुऱ्हाड टाकून उभी राहिली. मी ओरडणार होतो. ती म्हणाली, "सार, सद्दम इल्लै." आवाज नाही. मला ते कळलं नाही, कारण मला अर्ध्या कानाने तसंही कमीच ऐकू येतं. पण बाकीच्या पोरांनी हातातलं काम थांबवलं. पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही. एरवी त्या वेळी कोकिळा, भारद्वाज, होले, सगळ्यांचा गलका असायचा. मग मीच "चला" म्हटलं आणि कुऱ्हाडी पुन्हा चालू झाल्या.

तिच्या घरचे चाळीस माड गेले होते. तरी ती सातही दिवस कामाला आली.

पुढच्या जानेवारीत मी रजा टाकून कोडियक्करैला गेलो. ओरत्तनाडुहून शंभरेक किलोमीटर, किनारा जिथे काटकोनात वळतो तो कोपरा. याला नकाशावर पॉइंट कॅलिमिअर म्हणतात. समोर श्रीलंका. १९६७ मध्ये इथे अभयारण्य झालं आणि २००२ मध्ये रामसर स्थळ, तमिळनाडूतलं पहिलं. वादळाने जंगल झोडपलेलं होतं, काळविटं आणि पक्षी मेले होते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं अजून आडवी होती. पण वेदारण्यमच्या दलदलीत, दूर, क्षितिजाला गुलाबी रेघ होती. रोहित, तमिळमध्ये पूनारै, फुलकरकोचा. कच्छच्या रणात प्रजनन करणारा हा पक्षी हिवाळ्यात इथवर येतो. मुंबईकर त्याला शिवडी आणि ठाण्याच्या खाडीत बघतात.

जुने लोक सांगतात, ही रेघ पूर्वी फार जाड होती. इथे मिठागरं वाढली, कावेरीचं गोडं पाणी वरच्या वर अडवलं गेलं आणि दलदलीत खारेपणा चढत गेला. रोहिताला खारं पाणी चालतं, पण त्याचा चारा असलेल्या जिवांना ठराविकच खारेपणा मानवतो. बाकी मिठाला या गावात मोठा मान आहे. ३० एप्रिल १९३० रोजी राजगोपालाचारींनी तिरुचिरापल्लीहून चालत येऊन वेदारण्यमलाच मिठाचा कायदा मोडला. म्हणून मिठागराविरुद्ध इथे बोलायचं तर माणूस जरा चाचरतो. मीही चाचरतो. मिठागरातल्या मजुराला रोहिताचं काय सांगणार?

कोडियक्करैचं खरं नवल मात्र गुलाबी नाही. ते चिखलावर पळणारे चिमणीएवढे करडे पक्षी आहेत, टिलवे आणि तुतवार. टिलव्याचं वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास. सैबेरियाच्या उत्तर टोकाला अंडी घालून तो इथे येतो आणि परत जातो. चमच्यासारख्या चोचीचा एक तुतवार पूर्वी इथे नोंदला गेलाय. जगात आता तो काही शेकड्यांतच उरलाय. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने इथे कित्येक वर्षं पक्षी पकडून, पायात कडी घालून सोडायचं काम केलं. हे काम मुळात रोगाच्या भीतीने सुरू झालं. १९५७ मध्ये कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात माकडांचा ताप आला. त्याचा विषाणू रशियातल्या एका विषाणूच्या नात्यातला निघाला, तेव्हा तो पक्ष्यांनी आणला की काय ही शंका आली. जागतिक आरोग्य संघटनेने पैसे दिले आणि सालिम अलींच्या हाताखाली देशभर कड्या चढू लागल्या. कडीवर नंबर असतो आणि पक्षी सापडल्यास सोसायटीला कळवा असा मजकूर. आपल्या गळ्यातल्या आयडेंटिटी डिस्कचा अर्थ यापेक्षा काय वेगळा आहे?

आणि नवरंग. मे-जूनमध्ये पहिल्या पावसाच्या सुमारास आमच्या गावच्या रानात हा दोन सुरांत शीळ घालतो. हिवाळ्यात तो दक्षिणेला आणि श्रीलंकेला जातो. त्या वाटेवर तो कोडियक्करैच्या झुडपांत थकून उतरतो. तमिळमध्ये त्याला आरुमणिक्कुरुवि म्हणतात, सहाची चिमणी, कारण सकाळ-संध्याकाळ सहाच्या ठोक्याला ओरडतो. माझ्यासोबतच्या वनखात्याच्या वाटाड्याने बोट दाखवलं तेव्हा तो पालापाचोळ्यात उड्या मारत होता. तो ओरडला असेल तर मला ऐकू आलं नाही. वाटाड्याने घड्याळ पुढे केलं. सहाला दोन कमी होते.

परतताना मल्लिपट्टिनमजवळ मनोरा बघितला. पाल्कच्या उपसागराच्या काठावर सहा कोनांचा, आठ मजल्यांचा हा बुरूज सरफोजींनी बांधला, नेपोलियनच्या पाडावाची आठवण म्हणून. कित्येक पुस्तकं वॉटर्लूच्या विजयाचं नाव घेतात, पण तिथल्या इंग्रजी लेखात साल १८१४ आहे आणि वॉटर्लू झालं जून १८१५ मध्ये. म्हणजे हा बुरूज नेपोलियनच्या पहिल्या पदत्यागाचा, जेव्हा त्याला एल्बा बेटावर पाठवलं तेव्हाचा. शिलालेख पाच भाषांत आहेत आणि त्यात मराठीही आहे. फौज नसलेल्या मराठा राजाने दुसऱ्याच्या फौजेच्या विजयासाठी, हजारो मैलांवरच्या लढाईसाठी, मराठीत शिला कोरली. पहिल्यांदा वाचताना मला लाज वाटली. काकांना तसं बोललो.

काका म्हणाले, "तुम्ही महाराष्ट्रातले लोक राजाला नुसतं तलवारीने मोजता. जाताना छत्रात या."

जून २०१९ मध्ये बदली आली. निघायच्या आदल्या दिवशी मी ओरत्तनाडुला गेलो. काका आले होते. ती कॅडेट मुलगी आली होती, तिने 'सी' सर्टिफिकेट मिळवलं होतं. छत्राच्या मागच्या बाजूला वादळात पडलेल्या एका चिंचेच्या बुंध्यातून नवे फुटवे आले होते आणि त्यावर बगळ्यांनी काटक्या जमवायला सुरुवात केली होती. मी माझी वही तिला दिली, दोन्ही रकान्यांसह. मराठी रकान्यातलं तिला वाचता येत नव्हतं. काका म्हणाले, मी वाचून दाखवीन.